खेळाच्या पेटीला घरचे वळण

टीव्हीला जोडून खेळायची पेटी आता शहरातल्याच घरांत असते असे राहिलेले नाही. मुलगा कंपनीत नोकरीला असतो, तो दिवाळीला येताना घेऊन येतो. कुणाचा भाचा नवी घेतो आणि जुनी मामाच्या घरी पाठवून देतो. आमच्या संगमनेर तालुक्यातल्या एवढ्याशा वाडीत आज अशा तीन पेट्या आहेत, आणि त्यांतली एक आमच्या वस्तीवर आहे. पेटी आली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पोरगं वाया गेलं. दुसरा म्हणतो, निदान डोळ्यांसमोर तरी बसतं. या भांडणात पेटीला मात्र कुणी काही विचारीत नाही. पेटीला विचारता येते, सांगता येते, आणि नीट सांगितले तर ती बरेचसे ऐकते. आमच्याकडे हे थोडे भांडण होऊनच कळले. तुमच्या घरी पेटी आली असेल किंवा यायची असेल, तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

नवी पाभर आणली म्हणजे आपण तशीच नेऊन पेरायला लागत नाही. फण किती खोल जातात, बी दाट पडते की विरळ, हे दोन तासे घालून बघतो आणि आपल्या रानाला बेताची करून घेतो. शिलाई मशीनचेही तेच. मलमलीला लावलेला दोऱ्याचा ताण जाड खादीला चालत नाही. खेळाची पेटीही अशीच परक्या हाताने लावलेली येते. ती बनवणाऱ्याला तुमची वस्ती ठाऊक नाही, तुमची लाइट कधी जाते ठाऊक नाही आणि तुमचे पोर किती वर्षांचे आहे तेही ठाऊक नाही. ते तिला सांगायची जागा म्हणजे तिच्या पोटातला सेटिंग्ज नावाचा कप्पा.

पूर्वी हे काम सोपे होते. अमेरिकेत १९७७ साली अटारी नावाची पेटी निघाली, तिच्या तोंडावर सहा खटके होते. एक चालू-बंदचा, एक टीव्ही रंगीत की काळा-पांढरा ते सांगायचा, दोन खटके दोघा खेळणाऱ्यांना खेळ सोपा की अवघड ते ठरवायचे, एक खेळ निवडायचा आणि एक पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. झाले सेटिंग. आपल्याकडे पुढे जत्रेत आणि तालुक्याच्या दुकानात कॅसेट खुपसायच्या पेट्या मिळू लागल्या. त्यांना तर सांगण्यासारखे काही नव्हतेच, टीव्हीचे चॅनेल फिरवून चित्र लागले की पोरे खेळायला मोकळी. आता तसे नाही. आताची पेटी म्हणजे एक संगणकच आहे. ती इंटरनेटवर जाते, पैसे खर्च करू शकते, परक्या माणसांशी बोलू देते आणि आपण झोपलो तरी ती जागी राहू शकते. म्हणून तिला सांगायच्या गोष्टीही वाढल्या.

आमची पेटी प्लेस्टेशन फोर. जपानच्या सोनी कंपनीची ही पेटी २०१३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आणि २०१४ च्या जानेवारीत आपल्या देशात विकायला आली. तिच्यानंतरची प्लेस्टेशन फाइव्ह आपल्याकडे २०२१ च्या फेब्रुवारीत आली, त्यामुळे चारनंबरी पेट्या आता वापरलेल्या मिळतात आणि खेड्यात येतात त्या बहुधा याच. माझा थोरला मुलगा चाकणला कंपनीत आहे. तो आणि सूनबाई दोघेही पाळीत काम करतात, म्हणून नातू शाळेला आमच्याजवळ असतो. बापाने पेटी आणली ती त्याच्यासाठी.

पेटी सुरू केली की पडद्यावर खेळांच्या चित्रांची रांग दिसते. वरचा बाण दाबला की तिच्या वर लहान चित्रांची दुसरी रांग येते. तिच्यात उजवीकडे सरकत गेले की अवजारांच्या पेटीचे चित्र लागते. तेच सेटिंग्ज. हातातल्या यंत्रावर त्रिकोण, गोल, फुली आणि चौकोन अशी चार बटणे असतात. त्यांतल्या फुलीने 'हो' म्हणायचे आणि गोलाने मागे फिरायचे. मला हे फार दिवस उलटे वाटे. फुली म्हणजे चूक, हे आपण पाटीवर शिकलो. गंमत अशी की जपानातही गोल म्हणजे बरोबर आणि फुली म्हणजे चूक असेच मानतात, आणि तिकडच्या पेट्यांवर अनेक वर्षे गोलानेच होकार देत. २०२० साली पाचनंबरी पेटी आली तेव्हा त्यांनाही फुलीची सवय करावी लागली. तेव्हा आपण एकट्या नाही, बायांनो.

पेटीला मराठी येत नाही. सगळे इंग्रजीत. म्हणून मी ठरवले, वाचायचे नातवाने आणि अर्थ विचारायचा मी. तो आठवीत आहे. अर्थ सांगता आला नाही तर तो शब्दकोश काढतो. 'रेस्ट' म्हणजे विश्रांती, 'रिस्ट्रिक्ट' म्हणजे मर्यादा घालणे. शाळेच्या पुस्तकातले शब्द असे त्याला कधी पाठ झालेले मी पाहिले नाहीत.

पहिले काम आम्ही केले ते पडद्याचे. क्रिकेटच्या खेळात खालच्या कोपऱ्यात धावा लिहून येतात, त्या आमच्या टीव्हीवर अर्ध्या कापल्या जात. पेटी बिघडली असे घरात सगळ्यांचे मत पडले. खरे तर पुष्कळ टीव्ही चित्र थोडे मोठे करून दाखवतात आणि त्याच्या कडा चौकटीबाहेर जातात. सेटिंग्जमध्ये 'साउंड अँड स्क्रीन' आणि त्यात 'डिस्प्ले एरिया सेटिंग्ज' असे आहे. तिथे पडद्यावर चौकट येते, बाण दाबून ती टीव्हीच्या कडांत बसवायची. पाच मिनिटांचे काम. धावा दिसू लागल्या तेव्हा आमच्या मालकांनीही पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून एक षटक पाहिले.

आता भांडणाचे सांगते.

आमच्या फीडरवर शेतीची लाइट अजून पाळीने येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. सौर वाहिनीमुळे काही गावांना आता दिवसाच लाइट मिळू लागली आहे. आमची पाळी अजून सुटलेली नाही. रात्रीचा आठवडा असला की मालकांना विहिरीवर जाऊन मोटार चालू करावी लागते आणि पाणी भरायला रानात थांबावे लागते. शेजारी ऊस आहे आणि उसात बिबट्या असतो, हे इकडे कुणाला नवीन नाही. म्हणून घरात एक रिवाज आहे. मालक रानात असले की घरातल्याने फोन जवळ ठेवायचा आणि पहिल्या घंटीला उचलायचा.

पौषातली गोष्ट. मी माहेरी लग्नाला गेले होते. घरी मालक आणि नातू दोघेच. गव्हाला पाणी होते. मालक नऊ वाजता विहिरीवर गेले. जाताना पोराला म्हणाले, "फोन जवळ ठेव रे." पोर हो म्हणाले. पेटीवर बापाने दिवसाचा एक तास लावून ठेवला होता, तो सायंकाळीच संपलेला. नातवाने चाकणला फोन लावला. "पप्पा, एक तास द्या ना." बापाने तिकडूनच, हातातल्या फोनवरून, त्या दिवसाचा तास वाढवून दिला. असे करता येते. पेटी वस्तीवर, मालक चाकणला, आणि हुकूम क्षणात पोचतो. नातवाने कानाला हेडफोन लावला आणि खेळायला बसला.

दहाच्या सुमारास उसातून गुरगुर ऐकू आली. मालकांनी घरी फोन लावला, की बाहेरचा मोठा दिवा लाव आणि दार उघडू नकोस. चार वेळा लावला. फोन पोराच्या मांडीजवळ होता, पण कानावर हेडफोन. मालकांनी पाइपचा तुकडा डब्यावर बडवीत बडवीत बांधावरून घर गाठले. काही झाले नाही, देवाची कृपा. पण खिडकीतून त्यांना पडद्याचा उजेड आणि पोराची डुलणारी मान दिसली. ते आत आले, एक शब्द बोलले नाहीत, आणि भिंतीतली पिन उपटली.

दुसऱ्या दिवशी मी परत आले तेव्हा घरात मसणवटा. मालक म्हणाले, "ती पेटी विकून टाका." पोर जेवले नव्हते. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "आई, मला काय माहीत तिकडं रात्रीची लाइट आहे ते? त्यानं तास मागितला, मी दिला. इथून मी दुसरं काय देऊ शकतो त्याला?" यावर काय बोलणार? मालकांचा राग खरा होता, आणि मुलाचे बोलणेही खरे होते.

मी म्हणाले, विकायचे तर विकू, पण आधी तिच्याकडून काय काय होते ते सगळे बघू. रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर आम्ही तिघे टीव्हीसमोर बसलो. पेटी चालू केली तर पहिल्याप्रथम तिनेच तक्रार केली, की मला नीट बंद केले नव्हते, आता साठवण तपासते आहे. मालक म्हणाले, "बघा, चहाडी करती." तपासणी झाली, पेटी शाबूत होती. नातवाचा अर्धा राहिलेला सामना तेवढा गेला.

त्या निमित्ताने लाइटचे कळले, ते सांगून पुढे जाते, कारण खेड्यात सगळ्यात महत्त्वाचे हेच आहे. या पेटीला दोन प्रकारे निजवता येते. एक, विश्रांती, तिला 'रेस्ट मोड' म्हणतात. तेव्हा पेटीवर नारिंगी रेघ जळत राहते. म्हणजे ती बंद नाही, डुलकी घेते आहे, आणि तेवढ्यात लाइट गेली तर नीट बंद केले नाही असेच ती धरते. दुसरे, पुरते बंद. त्यासाठी पडद्यावरच्या पॉवरच्या चित्रात जाऊन 'टर्न ऑफ' निवडायचे आणि पेटीवरचा दिवा पुरता मावळला की मगच भिंतीचे बटण बंद करायचे. जिथे लाइट न सांगता जाते तिथे डुलकी नको. व्होल्टेजचे म्हणाल तर पेटी किती व्होल्टवर चालते ते तिच्यावर लिहिलेलेच असते. मात्र वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की पेटीची आणि टीव्हीची पिन काढा, आणि छत्रीकडून येणारी डिशची केबलही सोडवा. हे सेटिंग्जमध्ये नाही, ते हातानेच करायचे.

मग हेडफोन. मला वाटले होते, तो काढून कपाटात ठेवावा लागेल. पण 'डिव्हाइसेस' मध्ये आवाजाचे एक सेटिंग सापडले. हेडफोनमध्ये सगळा आवाज जावा की फक्त बोलण्याचा, असे ते विचारते. फक्त बोलण्याचा ठेवला की खेळाचा आवाज टीव्हीतूनच येतो, घराला कळते पेटी चालू आहे, आणि पोराला घराचे कळते. आम्ही तसे केले. रात्रीच्या लाइटच्या आठवड्यात हेडफोन लावायचाच नाही, हे वेगळे ठरले. ते मालकांनी ठरवले.

आता कुलपाकडे येते. पेटीवर मुलांसाठी जी बंधने घालायची ती चार आकड्यांच्या पासकोडने बंद होतात. बापाने तास लावला होता, म्हणून मी निर्धास्त होते. नातवाला विचारले, "हे कुलूप मोडता येतं का रे?" तो मालकांकडे बघून जरा थांबला. मग म्हणाला, "आज्जी, कुलूप मोडावं लागतच नाही. पासकोड बदलला नाही तर तो चार शून्यं असतो. सगळ्या पोरांना ठाऊक आहे. आणि पाहुणा म्हणून आत गेलं की तासबीस काही लागत नाही."

वाचकहो, हे शंभर टक्के खरे आहे, म्हणून ठळक सांगते. ही पेटी येते तेव्हा तिचा पासकोड ०००० असतो. तुम्ही मुलाच्या नावावर तास लावला आणि हा पासकोड तसाच ठेवला, तर पुढचे दार बंद करून परसदार उघडे टाकल्यासारखे आहे. पासकोड बदलायचा, आणि 'पॅरेंटल कंट्रोल्स' मध्येच नवे नाव उघडणे आणि पाहुणा म्हणून आत जाणे याला मनाई करायची. दोन्ही केल्याशिवाय बाकी सगळे फुकट.

पण त्या क्षणी मला दुसरेच सुचले. मी म्हणाले, "अरे, तुला परसदार ठाऊक होतं तर मग पप्पांना फोन करून तास कशाला मागतोस?"

तो म्हणाला, "तेवढ्यासाठी केलेला फोन पप्पा उचलतात."

मालक उठून बाहेर गेले आणि गाईला वैरण टाकून आले. गाईला वैरण घालून अर्धा तासही झाला नव्हता.

त्यानंतर पेटी विकायची भाषा घरात झाली नाही. पासकोड बदलायचा ठरला, तो माझ्याकडे ठेवायचा ठरला. पासकोड निवडताना एक लक्षात ठेवा, जन्मसाल नको, गट नंबर नको, गाडीचा नंबर नको. हे तिन्ही आकडे पोरांना आपल्यापेक्षा चांगले पाठ असतात. आणि विसरू नका. हा पासकोड विसरला तर सगळी पेटी पुसून कोरी करावी लागते, खेळ आणि साठवलेले सामने सगळे जाते. म्हणून मी तो लिहून ठेवला आहे. कुठे, तर दुधाच्या वहीत, लिटर आणि फॅटच्या आकड्यांत एका तारखेला. नातवाने वही चाळून पाहिली आहे. तो अजून शोधतो आहे. त्या दिवशीचे दूध जरा जास्त पातळ दिसेल, एवढीच खूण मी त्याला दिली आहे.

वेळेचे सेटिंग 'फॅमिली मॅनेजमेंट' मध्ये असते. त्यात घरातला एक मोठा माणूस कारभारी असतो, तो म्हणजे ज्याने तिथे कुटुंब पहिल्यांदा मांडले तो. आमच्याकडे मुलगा. मुलांची खाती त्याच्या हाताखाली. पण कारभाऱ्याला दुसऱ्या मोठ्या माणसाला पालक म्हणून नेमता येते, तिथे 'गार्डियन' असे लिहिलेले असते. परगावी राहणाऱ्यांनी हे नक्की करावे. पोर ज्याच्याजवळ राहते, त्याच्या हातात काही असायला हवे. नाहीतर घरात आजीने नाही म्हणायचे आणि चाकणहून हो यायचे, असे चालते, आणि पोर दोघांच्या मधून निसटायला शिकते. त्याचा यात काय दोष? वाट आपणच ठेवलेली असते.

मुलाने मला गार्डियन केले. त्यासाठी माझे खाते उघडावे लागले. ईमेल नातवाने काढून दिला. जन्मतारीख भरताना सालांची यादी खाली खाली सरकवत न्यावी लागते. नातू बाण दाबून दाबून दमला. "आज्जी, किती जुनी आहेस गं," म्हणाला. मालक इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

वेळ दोन तऱ्हांनी ठरवता येते. दिवसाला एकूण किती, आणि कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत. सगळ्या वारांना सारखी, किंवा प्रत्येक वाराला निराळी. वेळ संपली की नुसती सूचना द्यावी की पेटीतून बाहेर काढावे, हेही सांगता येते. आम्ही बाहेर काढायचे ठेवले. मात्र ते कडक आहे. न साठवलेला खेळ जातो. पेटी आधी सूचना देते, तेव्हा साठवून घ्यायची सवय पोराला लावावी लागते. पहिले दोन दिवस रडारड होते, मग सवय लागते. एक आणखी, वेळेचे हे सेटिंग करताना आपल्या देशाची घड्याळवेळ लावली आहे ना, ते पाहा. नाहीतर पेटी भलत्याच देशाच्या संध्याकाळी मुलाला उठवील.

पण पेटीला सोमवार-मंगळवार कळतात. आमची लाइट मात्र वाराने चालत नाही, आठवड्याने चालते. एका सोमवारी रात्री मालक घरी असतात, पुढच्या सोमवारी रानात. जगातल्या कुठल्याही पेटीत 'रात्रीच्या लाइटचा आठवडा' असा खटका नाही. म्हणून आम्ही दर रविवारी दुपारी बसतो. लाइटचे वेळापत्रक समोर ठेवतो. दिवसाची लाइट असेल तर साडेसात ते साडेआठ. रात्रीची असेल तर साडेसहा ते साडेसात, म्हणजे मालक निघायच्या आत खेळ, जेवण, सगळे आटोपते. परीक्षा असली तर निराळे. वेळ तोच लावतो, मी पासकोड टाकते. टाकताना तो तोंड फिरवून बसतो. मी त्याला तसे सांगितलेले नाही.

बाकीची सेटिंग्ज भराभर झाली. महिन्याच्या खर्चाची मर्यादा शून्य. वयाची मर्यादा त्याच्या वयाची. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ डिस्कवर ३, ७, १२, १६, १८ असे आकडे छापलेले असतात, विकत घेताना ते बघावेत, पोराच्या मित्राने काय सांगितले ते ऐकू नये. परक्या माणसांशी बोलणे बंद. यावर नातवाने थोडा वाद घातला, की सगळे बोलतात. मी म्हणाले, तू चावडीवर येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाशी रात्री बोलत बसतोस का? तो नाही म्हणाला. संपले.

आणि आपोआप उतरवून घेणे बंद. हे मात्र मी जोर देऊन सांगेन. पेटी चालवायला आम्ही फोनचा इंटरनेट देतो, तो दिवसाला दोन जीबी. खेळ दुरुस्त करायला जी भर उतरवावी लागते ती कित्येकदा तेवढ्याहून मोठी असते. सकाळी कांद्याचा भाव बघायला फोन हातात घ्यावा तर इंटरनेट संपलेला. सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' आणि त्यात 'ऑटोमॅटिक डाउनलोड्स' आहे, तिथल्या खुणा काढून टाकल्या. आता भर उतरवायची झाली तर नातू विचारतो, आणि मुलगा सुटीला आला की त्याच्या फोनवरून एकदम उतरवतात.

रविवारच्या बैठकीला मुलगा फोनवर असतो. फोन मोठ्या आवाजात करून टीव्हीशेजारी ठेवतो. तास किती आणि कधी, हे त्याच्या कानावर पडते. तिकडून तास वाढवता येतो तसा अजूनही येतो, ते काही आम्ही बंद केले नाही. फक्त वाढवायच्या आधी तो मला विचारतो, "आई, आबा घरी आहेत का?" कधी सेटिंगचे काम दहा मिनिटांत होते आणि बाप-लेकांचे बोलणे पुढे अर्धा तास चालते. क्रिकेटमध्ये कुणी किती धावा केल्या, गणिताच्या मास्तरांनी काय विचारले, चाकणला पाऊस आहे का. मी तेवढ्यात लसूण सोलून घेते.

येत्या सोमवारपासून पुन्हा रात्रीची लाइट आहे. वेळ साडेसहा ते साडेसात लावून झाली. शनिवारी शाळा सकाळची म्हणून त्याने दुपारी जादा अर्धा तास मागितला आहे. मालक म्हणतात, लसूणघास कापून झाला तर द्या.